माझ्याविना झालेला साउंड

मुंबईच्या ऑपेरा हाउसला रविवारी नाट्यसंगीताचा कार्यक्रम होता आणि साउंड माझ्याकडे. सकाळी रिकाम्या हॉलमध्ये मी नेहमीप्रमाणे मधोमध उभा राहून टाळी वाजवली. आवाज घुमटापर्यंत गेला आणि गोल होऊन परत आला. मनात म्हटलं, आज इथे आवाज घुमणार, गाणाऱ्याला स्वतःचंच नीट ऐकू येणार नाही. म्हणून स्टेजवर दोन जादा मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेले स्पीकर, लावले. आता सांगताना लाज वाटते.

ही वास्तू मुळात स्पीकरसाठी बांधलेलीच नाही. कोलकात्यातून नाटक मंडळ्या चालवणारा मॉरिस बँडमन आणि इथले कोळशाचे दलाल जहांगीर फ्रामजी कराका या दोघांनी ती उभी केली. बांधकाम अर्धवट असतानाच 1911 साली पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन उरकलं. तेव्हा माइक कुठले! बँडमनच्या गोऱ्या मंडळ्यांचे गाण्या-नाचाचे, विनोदाचे खेळ असोत की आपले बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, गॅलरीतल्या शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा तो छाती आणि छत यांच्या जिवावर. पुढे 1935 मध्ये आयडियल पिक्चर्सने ते घेतलं आणि सिनेमाचा पडदा कायमचा झाला. गोंडलच्या महाराजांनी 1952 साली विकत घेतलं, 1993 ला कुलूप लागलं, ते निघालं 2016 मध्ये. माझा जन्म गिरगावातला, पण शाळा-कॉलेजच्या सगळ्या वर्षांत ही इमारत मी फक्त बसच्या खिडकीतून पाहिली.

तर, दुसरं पद सुरू झालं आणि माझा मिक्सर, म्हणजे सगळे माइक ज्याला जोडतात ते यंत्र, गेला. लाइट नाही, काही नाही. थिएटरची वीज ठणठणीत होती, मेला होता माझाच ॲडॅप्टर. जुना झालाय हे मला माहीत होतं, पुढच्या महिन्यात बदलू म्हणत होतो. लॅमिंग्टन रोडचा अख्खा बाजार पाच मिनिटांवर, आणि रविवार म्हणून बंद! पोऱ्याला गाडीतला छोटा मिक्सर आणायला पिटाळलं.

स्टेजवर गायिकाबाई एक आवर्तन थांबल्या. ऑर्गनवाल्यांना हातानेच ‘हळू’ अशी खूण केली, माइकच्या स्टँडला वळसा घालून चार पावलं पुढे आल्या आणि तोच अंतरा पुन्हा धरला.

मागे ऐकू जातंय का बघायला मी जिने चढत बाल्कनीत पळालो. शेवटच्या रांगेत ‘श’ आणि ‘ष’ वेगळे कळत होते. तबल्यावरचं बोट घसरलं तेही कळलं. सकाळची ती गोल टाळी साडेपाचशे माणसांच्या कपड्यांनी पिऊन टाकली होती, उरला होता तो नुसता गळा. मी धापा टाकतोय हे पाहून एक आजोबा दबक्या आवाजात खेकसले, “बस रे बाबा, ऐकू दे.” बसलो.

मिक्सर आला, जोडला, तरी बाईंनी विंगेत बघून नको अशी मान हलवली. मध्यंतरापर्यंत त्या तशाच गायल्या. मी ऑर्गनचा माइकही बंदच ठेवला.

रात्री सामान भरताना आयोजक काका म्हणाले, “काय रे, पहिल्या भागाचे पैसे कापू?”

“कापा,” मी म्हटलं.

कापले नाहीत, पण सगळ्या वादकांचा चहा मला पाजावा लागला.