तुम्ही विचारलंत म्हणून: फोटो बघून मी विमानाचं नाव का सांगत नाही

"काका, फोटो पाठवलाय. कुठल्या विमानाचं हँडल आहे तेवढं सांगा." जुन्या ब्रिटिश प्रवासी विमानांच्या कॉकपिटमधली, वैमानिक ज्याने विमान वळवतो ती हँडलं लोक विकत घेतात आणि मग मला विचारतात. मी उलट विचारतो: खालच्या बाजूला ठोकलेले आकडे दिसतात का? दांडा कुठे कापलाय? आतल्या वायरी कशा निघतात? की समोरचा वैतागतो. "इतकी वर्षं इंग्लंडच्या हँगरमध्ये काढलीत, नुसतं बघून कळत नाही?"

कळतं. निदान कळल्यासारखं वाटतं, आणि माझं घोडं तिथेच अडलं होतं.

आधी कॉन्कॉर्डचं, म्हणजे आवाजापेक्षा वेगाने उडणाऱ्या त्या प्रवासी विमानाचं, सांगून टाकतो, कारण बहुतेकांना तेच हवं असतं. मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं काहीही दिसलं की कॉन्कॉर्ड! अहो, ती विमानं बनलीच 20 आणि त्यातली 18 आजही जपून ठेवलेली आहेत. तुमच्या हातात त्यांचं हँडल यायची शक्यता किती? उलट बाकीची ब्रिटिश विमानं बघा: व्हायकाउंट साडेचारशेच्या आसपास बनली, ट्रायडंट 117 आणि व्हीसी-10 ही 54. त्यातली बरीच भंगारात गेली आणि तोडण्याआधी कुणी ना कुणी हँडल काढून घेतलं. बाजारात फिरतात ती ही.

फोटोवरून एक गोष्ट सांगता येते, आणि ती मी सांगतोच. कॅप्टन डावीकडे बसतो, त्याचा उजवा हात थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करायच्या दांड्यावर, म्हणून हँडल डाव्या हातात. रेडिओवर बोलायचं बटण सहसा त्याच बाजूला. को-पायलटचं उलट. म्हणजे खुर्ची कळते. विमान कळायला मात्र पार्ट नंबर लागतो, कारखान्याच्या पार्ट्स कॅटलॉगशी ताडून बघावा लागतो, तपासनिसाचा शिक्का शोधावा लागतो. आणि लोक काय करतात? ड्रिलला तारेचा ब्रश लावून हँडल चकचकीत करतात. नंबर गेला, शिक्का गेला. ओतीव भाग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असला तर त्याची भुकटी पेटते, हेही कुणाच्या गावी नसतं.

आता जे टाळतोय ते.

2009 च्या उन्हाळ्यात पुण्याच्या एक बाई लंडनला लेकीकडे आल्या होत्या. त्यांचे वडील सांताक्रूझहून व्हायकाउंट उडवायचे. इंडियन एअरलाइन्सने ती विमानं 1957 मध्ये आणली, त्या पहिल्या काळातले वैमानिक. जावयाने एअरोजम्बलमध्ये, म्हणजे विमानांच्या सुट्या भागांच्या जुन्या बाजारात, एक हँडल घेतलं होतं. ते घेऊन सगळे माझ्याकडे आले. मी हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि दोन मिनिटांत म्हणालो, "व्हायकाउंट. डावी खुर्ची." बाईंनी रंग झिजला होता तिथे आपला हात ठेवला. कुणीच काही बोललं नाही. मग मी, कुणी विचारलेलं नसताना, म्हणालो, "कोण जाणे, तुमच्या बाबांच्याच विमानाचं असेल."

ते वाक्य मला आजही गिळता येत नाही.

पुण्याच्या घरात वडिलांच्या फोटोखाली ते हँडल लागलं. खाली पितळी पाटी: वडिलांचं नाव आणि विमानाचं.

तीन वर्षांनी त्याच विक्रेत्याकडून आलेलं दुसरं हँडल माझ्यापुढे आलं, या वेळी खालच्या दांड्यासकट. टोकाला हालचाल मोजणाऱ्या विद्युत यंत्राची पट्टी होती. विमानाच्या भागावर असतो तसा तपासनिसाचा शिक्का कुठेच नव्हता. मानेवर दोन भोकं होती. तीच दोन भोकं मी बाईंच्या हँडलवर पाहिली होती आणि दुरुस्तीची समजून सोडून दिली होती. दोन्ही हँडलं सिम्युलेटरची, म्हणजे वैमानिकांना जमिनीवरच शिकवायच्या नकली कॉकपिटची. वैमानिकाच्या हाताला फरक जाणवू नये म्हणून हुबेहूब केलेली, पण जमीन कधी न सोडलेली.

आठ महिने मी गप्प राहिलो. मग फोन केला. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग विचारलं, "तुम्हाला खात्री आहे?"

"हो."

"तेव्हाही होतीच ना."

आता माझी बाजू. इंग्लंडमधल्या डक्सफर्डच्या विमान संग्रहालयात जी-एएलडब्ल्यूएफ या नोंदणीचं जुनं व्हायकाउंट उभं आहे. त्याच्या कॉकपिटच्या फोटोंशी मी आकार ताडून पाहिला होता आणि तो जुळत होता. हँडल व्हायकाउंटचं शिक्षण देण्यासाठीच घडवलेलं, म्हणजे मी सांगितलेलं नाव तसं खोटंही नव्हतं. रंग झिजला तो शिकणाऱ्या वैमानिकांच्याच हातांनी. हे सगळं मी स्वतःला कितीदा ऐकवलंय. पण बाईंनी हात ठेवला तो आकाशात गेलेल्या वस्तूवर, आणि तसं त्यांना मीच सांगितलं होतं.

मग फोन तरी का केला? 2009 चा मी आजही मला विचारतो, एका म्हाताऱ्या बाईच्या भिंतीवरचं सुख काढून तू कुणाचं भलं केलंस? कधी वाटतं, खरं सांगणं भागच होतं. कधी वाटतं, मी फक्त माझं ओझं तिकडे टाकलं. मला ठरवता आलेलं नाही.

पाटी अजून तिथेच आहे, असं त्यांची लेक म्हणते. गेल्या वर्षी पुण्यात होतो. त्यांच्या इमारतीच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत फिरलो.

तेव्हा खालच्या बाजूचा फोटो पाठवा. रंग खरवडू नका, वायरी कापू नका. आणि हँडल कुणाच्या आठवणीसाठी घेतलं असेल, तर ते मला आधी सांगा.