हयात पाच, घरात चार

डब्लिनमध्ये मी लोकांच्या पिढ्या शोधून देते. गिऱ्हाईक बहुतेक अमेरिकेतलं, सत्तरीच्या पुढचं. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला उपाध्ये बाड उघडून पणजोबांपर्यंत वाचून दाखवतात, तसं इथेही असेल असं या लोकांना वाटतं.

अशाच एका आजोबांकडे स्वतःच्या आजीबद्दल तीनच गोष्टी होत्या. नाव डीलिया, गाव आयर्लंडमधलं गॉलवे, आणि 'आईबाप लहानपणीच गेले, नन्सनी वाढवलं'.

डीलिया नावाने जन्मनोंद मिळाली नाही. मिळणारही नव्हती, कारण डीलिया म्हणजे बहुतेकदा ब्रिजेट. हे ठाऊक नसलेले हौशी लोक भलतीच आजी आपल्या वंशावळीला चिकटवून मोकळे होतात आणि तीच चूक मग पन्नास जण उतरवून घेतात. ब्रिजेट 1903 ची निघाली, पण बाप्तिस्मा जन्माच्या आधी अठरा दिवस! नवख्याला वाटेल, दोन वेगळ्या मुली. खरं म्हणजे जन्म 42 दिवसांत नोंदवला नाही तर दंड पडायचा, म्हणून उशीर झाला की आईबाप सरकारदरबारी तारीखच पुढची सांगायचे. पाद्र्याच्या वहीत खोटं सांगायचं कारण नव्हतं. अशा वेळी मी पाद्र्याचं ऐकते.

बाप 1909 मध्ये क्षयाने गेलेला. आईचा मृत्यू मात्र सापडेना. एका कचेरीने सहा आठवड्यांनी एका ओळीत कळवलं, '1922 च्या आगीत जळालं असेल.' आयर्लंडच्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं दफ्तर जळालं हे खरंच. पण जन्ममृत्यूच्या सरकारी नोंदी तिथे नव्हत्याच. हे त्यांना मी सांगायचं?

मग 1911 ची जनगणना काढली. मुलगी इंडस्ट्रियल स्कूलच्या यादीत सापडली: विद्यार्थिनी, वय आठ. नुसतं शाळेचं नाव बघून फसू नये. 1868 च्या कायद्याने मॅजिस्ट्रेट 'भटकताना सापडली, योग्य पालक नाही' म्हणून गरिबाचं मूल तिथे सोळा वर्षांचं होईपर्यंत डांबू शकत असे, आणि संस्थेला डोईमागे पैसे मिळत. आई जिवंत असली तरी चालायचं.

आई होती. त्याच शहरात, एका खोलीत, चार मुलांसह. विधवा. लिहितावाचता येत नाही, सहीच्या जागी फुली. असली पत्रकं गणना करणारा पोलीसच भरायचा. त्यात किती मुलं जन्मली, किती हयात असा रकाना आहे, तो फक्त नवरा असलेल्या बायकांसाठी. विधवांना विचारायचंच नव्हतं, तरी पुष्कळजणींनी सांगून टाकलं, आणि नियमाप्रमाणे ते आकडे मागाहून खोडले गेले. हिचेही खोडलेत. पत्रक मोठं करून पाहिलं तर रेघेखालचं स्वच्छ वाचता येतं: जन्मली सहा, हयात पाच.

घरातली मुलं मी पुन्हा मोजली. चारच.

इथवर मी खुशीत होते. आजोबांना सांगायचं वाक्यसुद्धा तयार होतं: तुमच्या आजीला आई होती, तिला ठाऊक नव्हतं एवढंच. मग सवयीने जहाजाची यादी उघडली. 1923, कोव्ह बंदरातून न्यूयॉर्क. त्या यादीत मायदेशातल्या जवळच्या नातलगाचं नाव आणि पत्ता विचारत. डीलियाने सांगितलेलं नातं: आई. पत्ता तीच गल्ली.

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. 'अनाथ' ती स्वतःच म्हणवून घेत होती, नवऱ्यापुढे, मुलांपुढे, आयुष्यभर.

व्हिडिओ कॉलवर मी दोन्ही कागद दाखवले. आजोबा बराच वेळ चष्मा पुसत राहिले. त्यांनी विचारलं, "आई त्याच गावात होती, तर न्यायला का नाही गेली?" मी कायदा सांगायला लागले आणि मध्येच थांबले. त्यांनी कायदा विचारला नव्हता.

शेवटी म्हणाले, "रिपोर्टमध्ये 'अनाथ' असंच राहू द्या. तिचा शब्द आहे तो."

पुराव्याविरुद्ध असं काही मी आजवर लिहिलेलं नाही. अवतरणचिन्हात ठेवलाय तो शब्द. खाली तळटीप, आणि त्यात खोडलेला पाच.