दुपारी उमलणारी पेटारी

सार्वजनिक बागेत पेटारीला कुणी पाटी लावत नाही. जिथे माळ्याचं खुरपं पोचत नाही, तिथे कुंपणाच्या कडेला किंवा खताच्या खड्ड्याशी ती कमरेएवढी वाढते. पानं बदामाच्या आकाराची, कडा करवती, हाताला मखमलीसारखी. सकाळी चालायला येणाऱ्यांना मात्र तिच्यावर फूल दिसत नाही. ते उमलतं दुपार कलल्यावर. पाच पाकळ्या, नारिंगीकडे झुकलेला पिवळा रंग, आकार दहाच्या नाण्याएवढा किंवा जरा लहान.

फसगत होते ती इथेच. बला, रानभेंडी, पेटारी ही सगळी जास्वंदीच्या कुळातली पिवळी भावंडं. फुलाचा समोरून एकच फोटो दिला, तर मोबाइलमधलं ॲप बिनदिक्कत कुठलंही नाव ठोकून देतं. म्हणून फूल उलटं करून बघा. हिरव्या वाटीखाली बारीक पट्ट्यांची आणखी एक झालर असेल, तर ती रानभेंडी. बलेला आणि पेटारीला ही झालर नसते. पण बला सकाळी फुलते, भर दुपारी मिटते आणि तिचं फूल बरंच लहान. पेटारीचा देठ लांब, फुलाच्या जरा खाली त्याला पेर असतं. पाकळ्यांच्या बुडाशी जांभळा डाग दिसला, तर मात्र ती पेटारीची दुसरी कुणी बहीण.

पक्की ओळख फळावरूनच. पंधरा-वीस चपट्या फोडी गोलाकार उभ्या रचलेल्या, प्रत्येकीला बाहेरच्या अंगाला इवलीशी चोच. सायकलचं दातेरी चाक जणू. वाळलं की काळं पडतं. नाव ठेवणाऱ्यांनी फुलाकडे बघितलेलंच दिसत नाही! मुद्रा, करंडी, चक्रभेंडी, सगळी नावं फळाची. हिंदीत तर त्यात कंगवा दिसला आणि ती कंघी झाली. आयुर्वेदातली अतिबला हीच.

बलेचं फळ हिरव्या वाटीतच दडलेलं असतं, फोडी पाच ते दहा. तरीही शंका राहिली, तर वाळलेलं फळ तळहातावर चुरडा. त्याआधी नीट बघा, कापसावरचे लाल ढेकूण याच फळांवर दाटीवाटीनं बसलेले असतात. ते झटकले की एक फोड नखानं उकला: बी एकच निघालं तर बला, दोन-तीन निघाल्या तर पेटारी.