विकलेला व्हिडिओ पसरला, तर तक्रार कशी टिकते: माझा अनुभव

कॅमेऱ्यावर काम करणाऱ्या सेक्स वर्करचा कॉल गिऱ्हाईक गुपचूप रेकॉर्ड करतो, टेलिग्रामवर टाकतो आणि मग "गावात पाठवू का?" म्हणत पैसे मागतो. अशा तक्रारी लिहून देणं आणि पोलीस ठाण्यात सोबत बसणं हे माझं काम. तिथे बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो: "तुम्हीच दाखवलंत ना? मग तक्रार कसली?" घरचेही तेच विचारतात, फक्त आवाज चढवून. तोंडी वाद घालून यातून सुटका होत नाही. उत्तर तक्रारीच्या कागदातच असावं लागतं.

ते भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 मध्ये आहे. चित्रणाला संमती होती, पण तिसऱ्या माणसाला द्यायला नव्हती, तर ते पसरवणं गुन्हा, असं त्याचं दुसरं स्पष्टीकरण सांगतं. म्हणून तक्रारीत मी तीन गोष्टी सुट्या लिहिते. कोणाला आणि कोणत्या अटीवर दाखवलं. रेकॉर्ड करायला किंवा पुढे पाठवायला नकार कुठे आणि कसा नोंदलेला आहे. आणि ते कुठे, कोणत्या तारखेला, किती वाजता दिसलं. "माझी बदनामी झाली" अशी सुरुवात केली की बोलणं तिच्या अब्रूवर जातं आणि तिथेच रुतून बसतं. तक्रारदार पुरुष असेल तर कलम 77 लागत नाही. त्याच्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 ई (संमतीशिवाय खासगी अवयवांचं चित्रण किंवा प्रसारण) बघायचं, त्यात स्त्री-पुरुष असा भेद नाही. पैसे मागितले असतील तर न्याय संहितेचं खंडणीचं कलम 308 आणि धमकीचं 351 जोडायचं.

इथे एक खरा धोका आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 67 ए हे लैंगिक चित्रण प्रसारित करण्याविरुद्धचं कलम आहे, आणि स्वतःच्या मर्जीनं विकणाऱ्या प्रौढ व्यक्तीला त्यातून स्पष्ट सूट दिलेली नाही. ते तिच्यावरच उलटवण्याची भीती घातली जाते, म्हणून ठाण्यात जाण्याआधी वकिलाला मसुदा दाखवावाच. खोटं एक अक्षरही लिहू नये, कारण चॅट पुढे उघडणारच. पण घर, मुलं, किती वर्षं हे काम करते, याचा पाढा तक्रारीत वाचायची गरज नसते.

पुरावा गोळा होईपर्यंत समोरच्याला ब्लॉक करू नका आणि पोस्टही काढायला लावू नका. प्रोफाइलपासून पोस्टपर्यंत सरकत जाणारं स्क्रीन रेकॉर्डिंग करा. नाव आणि फोटो तो रात्रीत बदलतो, म्हणून खात्याची आणि पोस्टची पूर्ण लिंक टिपून ठेवा. यूपीआयनं पैसे दिले असतील तर 12 अंकी यूटीआर (व्यवहाराचा) क्रमांक हवा, आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. उशीर झाला की रक्कम खात्याखात्यांतून पुढे निघून जाते. मूळ फोन फॉरमॅट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र पुढे लागतं. फॉर्म भरायला मदत हवी म्हणून तो व्हिडिओ मैत्रिणींना पाठवणं मात्र पूर्ण टाळा.

ठाण्यात महिला अधिकाऱ्यानंच जबाब घ्यायला हवा. कलम 77 च्या तक्रारीत ते बंधनकारक आहे. "आमच्या हद्दीत नाही" म्हणाले तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात होणारी नोंद, मागा. नोंदच घेतली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम 173(4) खाली तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवा, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. मी दोन निकालांच्या प्रती सोबत ठेवते. 1990 चा महाराष्ट्रातलाच मर्डीकर खटला, ज्यात चारित्र्यावर बोट ठेवलेल्या बाईलाही खासगीपणाचा हक्क आहे असं सुप्रीम कोर्टानं म्हटलं. आणि सुप्रीम कोर्टाचाच 19 मे 2022 चा आदेश, ज्यात पोलिसांनी सेक्स वर्करशी सन्मानानं वागावं आणि माध्यमांनी तिची ओळख उघड करू नये असं सांगितलं. कोर्टात संमतीचा प्रश्न आला तरी तिचं चारित्र्य किंवा आधीचे संबंध गैरलागू ठरतात. साक्ष अधिनियमाचं कलम 48 याचसाठी आहे. हे ठाऊक असलं की बाईचा आवाज बदलतो, मी ते बघते, आणि मला त्याचं फार मोल वाटतं.

पुरावा हाती आला की व्हिडिओ हटवण्याच्या मागे लागायचं. 2021 च्या आयटी नियमांनुसार नग्नता किंवा लैंगिक कृती असलेल्या मजकुरावर, त्या व्यक्तीनं स्वतः किंवा तिच्या वतीनं कुणी तक्रार केल्यास, कंपनीला 24 तासांत पावलं उचलावी लागत; फेब्रुवारी 2026 च्या दुरुस्तीनं ही मुदत 2 तासांवर आली. काढलेली माहिती कंपनीनं तपासासाठी 180 दिवस जपायची असते. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यानं दाद दिली नाही, तर 30 दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. संमतीविना पसरणारं खासगी चित्रण रोखणाऱ्या स्टॉप एनसीआयआय या सेवेत फोटो आपल्या फोनमध्येच राहतो, फक्त त्याचा हॅश, म्हणजे त्यावरून तयार झालेला ओळख-कोड, सहभागी कंपन्यांकडे जातो.

गूगलच्या शोधातून लैंगिक चित्रण काढण्याच्या अर्जात मात्र एक अट आहे: त्या चित्रणाचे सध्या पैसे मिळत नसावेत. पैसे घेणाऱ्या बाईचं दुखणं कमी धरलं जातं, ते असं नियमातही उतरतं. अशा वेळी कॉपीराइटची नोटीस चालते, कारण स्वतः चित्रित केलेल्या व्हिडिओची मालकी सहसा तिचीच असते. पण नोटिशीवर खरं नाव-पत्ता लागतो आणि तो अपलोड करणाऱ्यापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून ती स्वतःच्या नावानं न पाठवता वकिलामार्फत, त्यांच्या कार्यालयाचा पत्ता देऊन पाठवायची.