डबा कुठवर आलाय?

आमचा घरगुती भाजणीचा धंदा कसा चाललाय, असं विचारणाऱ्याला बहुधा एकच आकडा हवा असतो. महिन्याला किती किलो भाजणी जाते? मी सांगत नाही. लपवायचं म्हणून नाही, त्या आकड्यावर माझा विश्वासच नाही. अर्धी हयात औषध कंपनीत एमआर, म्हणजे डॉक्टर-केमिस्टकडे फिरणारा प्रतिनिधी, म्हणून काढलेल्या माणसाचा तो राहत नाही.

एमआरच्या जगात विक्री तीन ठिकाणी मोजतात. कंपनीकडून स्टॉकिस्टकडे, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडे, माल गेला की ती प्रायमरी. स्टॉकिस्टकडून केमिस्टकडे गेला की सेकंडरी. आणि केमिस्टच्या काउंटरवरून पेशंटच्या पिशवीत पडला की ती खरी. महिनाअखेरीला क्लोजिंग आलं की वरून फोन सुरू व्हायचे, टार्गेटला इतके कमी पडतायत, काहीतरी करा. काहीतरी म्हणजे काय, तर स्टॉकिस्टच्या हातापाया पडून त्याच्या गोदामात माल ढकला. कागदावर महिना झकास. पुढे तोच माल एक्सपायरी म्हणून परत. म्हणून जरा शहाणा एमआर संध्याकाळी केमिस्टच्या दुकानात कोपऱ्यात उभा राहून आरसीपीए, म्हणजे चिठ्ठ्यांची आणि खपाची पाहणी, करतो. कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठ्या येतायत, कुठली पट्टी खरंच हलतेय, कुठली रॅकवर धूळ खातेय. क्लोजिंगचा आकडा साहेबासाठी असतो, हा स्वतःसाठी.

नोकरी सुटली (कशी, ते पुन्हा कधीतरी) आणि मी बायकोच्या कामात शिरलो. ती आधीपासून थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला करून द्यायची. बिल्डिंगमध्ये, तिच्या भिशीत, तिच्या बहिणीच्या ऑफिसात. मी आल्यावर सगळ्यांची अपेक्षा अशी की आता मार्केटिंगचा माणूस घरात आलाय, म्हणजे लोगो होणार, इन्स्टाग्राम होणार, दुकानादुकानांत पाकिटं लागणार. मी आधी फक्त फोन करत बसलो. जुन्या गिऱ्हाइकांना. विकायला नाही, विचारायला. डबा कुठवर आलाय?

पलावा या डोंबिवलीजवळच्या नव्या वसाहतीतल्या एका ताईंचं उत्तर अजून लक्षात आहे. आई जुन्या डोंबिवलीत, मुलगी-जावई पलावात, असं आमच्याकडे घरोघरी झालंय. आईनेच आमचा नंबर दिलेला.

"काका, खरं सांगू? पाकीटच फोडलं नाहीये अजून."

"का हो? आवडत नाही का घरात?"

"आवडतं की. आईकडे गेलो की दोन-दोन खातात पोरं. पण मला ते थापायला नाही जमत. रुमालावरून तव्यावर टाकताना तुटतं, मग चिडचिड होते. आई आली की करते म्हणून ठेवलंय."

आता वहीच्या हिशेबात ही बाई आमची चांगली गिऱ्हाईक. एक किलो नेलं, पैसे लगेच आले, वर 'मस्त' असा मेसेजही. आणि किलोभर भाजणी आईची वाट बघत फडताळात. पोरं खात नाहीत म्हणावं तर तेही नाही, आईकडे दोन-दोन खातात. थोडे फोन झाल्यावर कळलं की अशी फडताळं बरीच आहेत. पस्तिशीच्या आतल्या बायका, आणि हल्ली नवरेही, भाजणी हौसेने घेतात आणि थापायला घाबरतात.

मग जाहिरातीसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून आधी चिठ्ठ्या छापल्या. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराची चिठ्ठी, प्रत्येक पाकिटात एक. भाजणीचा इतिहास नाही, 'आजीच्या हातची चव' तर मुळीच नाही. एवढंच की रुमाल विसरा. तवा गार असतानाच त्यावर तेल लावा, गोळा तव्यावर ठेवा, ओल्या हाताने तिथेच थापा, मधे भोकं पाडा, मग गॅस लावा, वर झाकण. दुसऱ्या थालीपिठापर्यंत तवा गार व्हायला हवा, म्हणून दोन तवे आलटून पालटून. आणि चिठ्ठीच्या मागच्या बाजूला धिरडं. तीच भाजणी, ताकात सरसरीत भिजवायची, कांदा-कोथिंबीर घालून पळीने तव्यावर ओतायची. थापायचा प्रश्नच मिटला. बायकोला हे धिरडं प्रकरण अजिबात पटलं नव्हतं. भाजणीचं धिरडं करायचं तर साधी पिठं एकत्र करावीत, मी एकेक धान्य वेगळं खमंग भाजते ते कशाला, असं तिचं म्हणणं. तत्त्वतः ती बरोबर आहे. पण पलावातला डबा धिरड्यांनी रिकामा झाला.

त्याच फोनांमधून दुसरी गोष्ट सुचली ती वजनाची. एक किलोचं पाकीट आम्ही बंद केलं. हे ऐकून माझा एक जुना सहकारी म्हणाला, वेडा आहेस का, बिलाची रक्कम अर्धी केलीस. पण बघा, अर्ध्या किलोत मध्यम आकाराची दहा-बारा थालीपिठं होतात. चौघांच्या घरात ते दोन-तीन आठवड्यांत संपतं. संपतं तेव्हा वास ताजा असतो, शेवटचं थालीपीठ पहिल्यासारखंच लागतं. एक किलो रेंगाळतं. पावसाळ्यात तर पाकीट नीट बंद केलं नाही की पिठाला कुबट वास येतो, क्वचित जाळीही धरते. ते पीठ कचऱ्यात जातं आणि त्याबरोबर आम्हीही. बिघडलेल्या डब्याची तक्रार करायला फार थोडे लोक फोन करतात, बाकीचे पुन्हा घेत नाहीत, इतकंच. ज्यांना खरंच किलो लागतं ते दोन पाकिटं घेतात, एक फोडतात, एक बंद राहतं.

आता वहीबद्दल. वही खरोखरची आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची. नाव, काय नेलं, कधी नेलं, घरात माणसं किती, आणि शेवटचा रकाना: कधी संपेल. पहिले रकाने भरायला यूपीआयचा इतिहास उघडला की झालं, तारीख-रक्कम सगळं तिथे असतं. शेवटचा रकाना अंदाजाने भरायचा आणि पुढच्या ऑर्डरला सुधारायचा. प्रत्येक पदार्थाची चाल वेगळी. मेतकूट चमचा-चमचा जातं, शंभर ग्रॅम महिना-दीड महिना पुरतं. पण घरात लहान मूल असेल किंवा कुणी आजारातून उठत असेल तर मऊभाताबरोबर धडाधड संपतं. जुलै-ऑगस्टात तापाची साथ आली की मेतकुटाच्या रकान्यावर माझं जास्त लक्ष. गोडा मसाला रोज आमटी होणाऱ्या घरात पाव किलो दोन-तीन महिने. उपासाची भाजणी श्रावण आणि नवरात्रात, एरवी एकादशी-चतुर्थी करणारी ठरावीक घरं.

रकान्यातली तारीख जवळ आली की मेसेज जातो. तोही ठरलेला: "काकू, भाजणी संपत आली असेल. शनिवारी दळण आहे, तुमचं धरू का?" यात सवलत नाही, फुलं नाहीत, हात जोडलेली चिन्हं नाहीत. शनिवारी दळण मात्र खरं असतं. घरघंटी तासाला आठ-दहा किलोच्या वर दळत नाही, तापली की थांबवावी लागते, उपासाचं दळण असेल तर आधी उघडून झटकून पुसायची. त्यामुळे शुक्रवारी रात्रीपर्यंत ज्याचं नाव आलं त्याचंच धान्य भाजलं जातं. लोकांना हे आवडतं. आपलं दळण आपल्या नावाने होतंय, ही डोंबिवलीकरांची गिरणीपासूनची सवय आहे.

व्हॉट्सअॅपबद्दल एक तांत्रिक पण पैशाची गोष्ट. ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, पण मेसेज पोचतो तो ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच. बऱ्याच जणी याद्या करून शेकडो लोकांना 'आजची स्पेशल' पाठवत असतात आणि निम्म्यांना ते दिसतही नाही. म्हणून पाकीट हातात देताना आम्ही एवढंच म्हणतो, नंबर सेव्ह करून ठेवा. समोरच करतात. काय नावाने सेव्ह करतात ते मी एकदा डोकावून पाहिलं: 'भाजणी काकू'. आमच्या लेबलवर वेगळं, बऱ्यापैकी विचार करून ठेवलेलं नाव आहे. ते राहू दे लेबलवर.

दारोदार विकण्याला हल्ली नाकं मुरडतात, पण आमच्या गावात कारखाना असलेल्या विकोची सुरुवात तशीच झाली. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली परळमध्ये दंतमंजन सुरू केलं आणि घरोघरी फिरून विकलं. लोक त्यांच्या चिकाटीचं कौतुक करतात. मला त्यात दुसऱ्या फेरीचं मोल जास्त वाटतं. पहिल्या फेरीला कुणीही भिडेखातर डबी घेतं. डबी वापरात आहे की कोनाड्यात, ते कळतं दुसऱ्यांदा दार वाजवल्यावर.

प्रदर्शनातले स्टॉल आम्ही वर्षातून एखाददुसरा घेतो. गरम थालीपिठाचा तुकडा आणि लोणी ठेवलं की रांग लागते, पाकिटंही जातात. पण वहीत बघितलं तर स्टॉलवरून आलेलं नाव क्वचितच दुसऱ्यांदा दिसतं. पोट भरलेल्या माणसाने घेतलेलं पाकीट ते. दुकानांचं गणित सोपं आहे. अर्धा किलो १६० ला. दुकानदार २५ टक्के मागतो, पैसे माल खपल्यावर. हातात १२० आले, त्यातून धान्य, गॅस, वीज, पाऊच, लेबल मिळून ६५ गेले, उरले ५५, तेही कधी मिळतील तेव्हा. थेट दिलं तर ९५ उरतात. शिवाय दुकानातून कुणी नेलं, त्याचा डबा कुठवर आलाय, हे मला कधीच कळणार नाही. पुन्हा प्रायमरी-सेकंडरीच्या चक्रात जायची हौस नाही.

फेसबुकवर पैसे भरून पोस्ट पुढे ढकलण्याचा सल्ला देणारे खूप भेटतात. त्यातून चौकशी येते नागपूरहून, इंदूरहून. अर्ध्या किलोच्या पिठावर कुरियरचा खर्च चढवला की गिऱ्हाईक गप्प होतं, आणि ते बरोबरच आहे. शिवाय करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही छोटी असो, जीएसटी नोंदणी लागते. राज्यात राहिलं तर ४० लाखांपर्यंत नाही. ऑनलाइन बाजारातून विकायला पूर्वी ती सक्तीची होती, १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्यांना सूट मिळाली. नव्याने सुरू करणाऱ्यांनी आधी एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी करावी. आम्ही केली तेव्हा १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला वर्षाला १०० रुपये फी होती, त्यासाठी एजंटला हजारो देऊ नका. लेबलवर वजन, एमआरपी, तयार केल्याचा महिना, पत्ता, तक्रारीचा नंबर हवाच. हे मार्केटिंग नव्हे असं वाटेल, पण ऑफिसात पाच जणांसाठी एकत्र ऑर्डर देणारी बाई पहिल्यांदा हिरवा ठिपका आणि तारीखच बघते.

सगळ्यात अवघड माल आहे चकलीची भाजणी. दिवाळीच्या आधी पंधरवडाभर आमची घरघंटी दुसरं काही दळत नाही. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, धुऊन वाळवून भाजलेलं सगळं, वास खाली फाटकापर्यंत जातो. वर्षातली सगळ्यात मोठी रक्कम तेव्हा येते. आणि वहीच्या दृष्टीने ती सगळ्यात मुकी विक्री, कारण पुढची चकली पुढच्या वर्षी. म्हणून त्या पाकिटाबरोबर आम्ही पन्नास ग्रॅम मेतकूट घालतो, फुकट, चिठ्ठीसकट. दिवाळीचं गोडधोड आणि तळण खाऊन लोक कंटाळलेले असतात. भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात घराघरांत मऊभात शिजतो, तेव्हा ती पुडी उघडली जाते. मी फोन करतो तो त्या आठवड्यानंतर.

सध्या अडचण वेगळीच आहे. वही भरलीय. शनिवारच्या दळणासाठी नावं घेणं शुक्रवारी नव्हे, बुधवारीच बंद करावं लागतं, आणि 'पुढच्या शनिवारी' असं सांगितलेल्यांपैकी काही जण दुसरीकडे जातात, ते मला दिसतं. माझं बायकोला म्हणणं, भाजायला एक बाई ठेवू, तू फक्त रंग बघ. तिचं म्हणणं, रंग बघून भाजणी होत नाही, उडदाची डाळ कधी उतरवायची ते वासावर ठरतं, आणि तो वास मी दुसऱ्याच्या नाकात कसा घालू? मी म्हटलं, मग भाव वाढवू, १६० चे १९० करू, काही जण गळतील, शनिवार मोकळा होईल. तर म्हणाली, टिळकनगरच्या आजी पेन्शनीतून घेतात, त्यांना तू फोन करून सांग. अजून केलेला नाही. तोवर तिच्या बहिणीच्या ऑफिसातल्या एका मुलीला येत्या रविवारी शिकायला बोलावलंय. फक्त धने आणि जिरे, डाळींना हात लावायचा नाही, या अटीवर.