क्लोरीन खोबणीच्या तोंडाशी निघाला

सकाळी क्रिस्टलोग्राफी करणाऱ्या, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकातल्या रेणूंची रचना पाहणाऱ्या मैत्रिणीचा निरोप आला, "डेटा आलाय, २.१ अँगस्ट्रॉम. लगेच ये." एवढ्या बारकाव्याचा डेटा म्हणजे रेणूची बसण ओळखता येणार. मी जवळजवळ पळतच गेले. औषधासाठी शोधलेला आमचा रेणू प्रथिनाच्या खोबणीत नेमका कसा बसतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी दिसणार होतं. तोवर सगळा भरवसा माझ्या संगणकी मॉडेलवर होता.

मॉडेलचं काम थोडक्यात सांगते. प्रथिनाची रचना घ्यायची, लाखो रेणू एकेक करून तिच्या खोबणीत बसवून बघायचे आणि प्रत्येकाला स्कोअर द्यायचा. याला डॉकिंग म्हणतात. दोन लाखांतून आम्ही ४० रेणू मागवले, प्रयोगशाळेत ३ चालले, आणि त्यांत सगळ्यात चांगला निघाला तो माझ्या यादीतला पहिलाच. बैठकीत माझं चित्र पडद्यावर आलं: रेणूचा क्लोरीन खोबणीच्या तळाशी, हायड्रोजन बंध पिवळ्या तुटक रेषांनी दाखवलेले. चित्र इतकं देखणं असलं की शंका घ्यायला कुणी उरत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय. त्या दिवशी मीही घेतली नाही. पुढचे चार महिने आमच्या मेडिसिनल केमिस्टनी, म्हणजे औषधाचे रेणू घडवणाऱ्या रसायनतज्ज्ञांनी, त्याच चित्रावर विसंबून ११ नवे रेणू बनवले. त्यांतले दोन सुधारले, नऊ बिघडले. त्या दोघांना आम्ही मॉडेलचा पुरावा मानलं आणि नऊंसाठी प्रत्येकी एकेक कारण शोधून काढलं.

मैत्रिणीने माझ्या मॉडेलमधला रेणू जसाच्या तसा इलेक्ट्रॉन घनतेच्या नकाशात (डेटावरून अणू कुठे आहेत ते दाखवणाऱ्या) ठेवला आणि फरकाचा नकाशा काढला. त्यात प्रत्यक्ष डेटापेक्षा मॉडेलमध्ये जास्त इलेक्ट्रॉन असतील तिथे लाल जाळी दिसते, कमी असतील तिथे हिरवी. तळाशी, मी क्लोरीन ठेवला होता नेमका तिथेच लाल. आणि खोबणीच्या तोंडाशी हिरवा ठसठशीत गोळा. कार्बनकडे ६ इलेक्ट्रॉन असतात, क्लोरीनकडे १७. त्यामुळे नकाशात तो लपत नाही. तिने रेणू उलटा फिरवला आणि गणित पुन्हा चालवलं. लाल गेलं, हिरवंही गेलं. उरला फक्त एक छोटा गोल ठिपका, प्रथिनातलं ॲस्पार्टेट हे अमिनो आम्ल आणि आमच्या रेणूचा अमाइड गट यांच्या मधोमध.

"हे पाणी आहे," ती म्हणाली. "तू पाणी काढलं होतंस ना?"

काढलं होतं. डॉकिंगच्या आधी रचनेतले पाण्याचे सगळे रेणू पुसून टाकायची पद्धत आहे आणि माझी स्क्रिप्ट ते काम एका ओळीत करते. मी जुनी फाइल उघडली. खोबणीत तीन पाणी होते. दोघांचा बी-फॅक्टर (अणू किती हलतो याचं माप) चढा, म्हणजे ते सैल होते. तिसऱ्याचा मात्र शेजारच्या प्रथिनाच्या अणूंइतकाच कमी, म्हणजे तो जागेवर घट्ट बसलेला. ही माहिती त्याच फाइलच्या एका रकान्यात पहिल्या दिवसापासून होती. पाण्याचा एक रेणू किती महत्त्वाचा असू शकतो, हे आमच्या क्षेत्राला नवीन नाही. एचआयव्ही विषाणूच्या प्रोटीएज या विकराच्या खोबणीतल्या अशाच एका पाण्याची जागा घ्यावी म्हणून १९९४ साली वलयाकार युरियाचे रेणू मुद्दाम रचले गेले होते. हे मी नवख्यांना शिकवलेलं आहे.

मग मी डॉकिंगची मूळ यादी काढली. उलटी बसण, म्हणजे जी खरी ठरली ती, दुसऱ्या क्रमांकावर होती. फरक ०.३ किलोकॅलरी प्रति मोल. रेणू प्रथिनाला किती घट्ट धरतो यात दहापट फरक पडायला साधारण १.४ लागतात, आणि डॉकिंगच्या स्कोअरची चूक सहज २ किलोकॅलरींपर्यंत जाते. म्हणजे पहिल्या-दुसऱ्यात निवड करायला माझ्याकडे आधारच नव्हता. मी केली, कारण वरिष्ठांना एक चित्र हवं होतं आणि एक आकडा हवा होता. दोन शक्यता सांगितल्या की त्यांना वाटतं, हिचं काम अर्धवट राहिलंय.

दुपारी केमिस्टना दाखवलं. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. क्लोरीन आत खोल आहे असं धरून त्यांनी जे जे गट जोडले होते, ते सगळे प्रत्यक्षात बाहेरच्या द्रावणात लोंबत होते. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मग पहिला रेणू चालला, तो कशामुळे?"

मला सांगता आलं नाही. रेणू दोन्ही टोकांनी सारखाच लांब, खोबणही ऐसपैस. त्यामुळे स्कोअर दोन्हीकडून चांगला आला, एवढंच म्हणता येतं. भाकीत खरं ठरलं आणि त्यामागचं कारण खोटं होतं. मॉडेल सपशेल चुकलं असतं तर आम्ही पहिल्याच आठवड्यात थांबलो असतो.

हल्ली मला सर्रास ऐकवतात की आता प्रथिनाच्या रचनेचं भाकीत करणारं अल्फाफोल्ड आलंय, रचनेचा प्रश्न सुटला. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा आहे, आणि तो मान रास्तच आहे. पण अल्फाफोल्ड २ च्या रचनेत फक्त प्रथिनाचे अणू असतात. पुसायलासुद्धा पाणी नसतं.

आता मी कमी बी-फॅक्टरचं पाणी ठेवून आणि काढून, दोन्ही प्रकारे डॉकिंग करते आणि स्कोअरमध्ये एक किलोकॅलरीच्या आत येणाऱ्या सगळ्या बसणी केमिस्टना पाठवते. बैठका लांबतात. ते सुधारलेले दोन रेणू मात्र अजून डोक्यातून जात नाहीत. नव्या रचनेप्रमाणे तेही बिघडायला हवे होते. त्यांचे क्रिस्टल मैत्रिणीने गेल्या आठवड्यात लावलेत.