भोंग्यामागचा ट्रान्सफॉर्मर काढू नका भो

मागच्या श्रावणात चोपड्याकडच्या एका गावात सप्ताह होता. मशीन म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर 100 वॉटचं, भोंगे चार, एक मंदिरावर आणि बाकीचे पार वेशीपर्यंत. दोन दिवस मस्त चाललं आणि तिसऱ्या दिवशी हरिपाठाला चारही भोंगे एकदम बारीक, मशीन एवढं तापलं की वर हात ठेववेना. जोडणारा पोरगा म्हणे, "भो, आवाजच बसी गया, मशीन गयं." मशीनला काही झालं नव्हतं.

मी मशीन बंद करून एकेक भोंगा सोडून बघत गेलो, वेशीवरचा सोडला आणि बाकीचे तिन्ही खणखणीत. वर चढलो तर मागचा लाइन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे लाइनचे व्होल्ट उतरवून भोंग्याला देणारी डबी, तीच गायब! सकाळी कोणीतरी युनिट, म्हणजे भोंग्यात आवाज काढणारा भाग, बदललं आणि वायर सरळ युनिटला पिळून दिली.

आता हिशोब बघा. लाइन 100 व्होल्टची, ट्रान्सफॉर्मरच्या 25 वॉटच्या टॅपवर (वॉट निवडायच्या टोकावर) एका भोंग्याचा लोड 400 ओहम, चार मिळून 100 ओहम, म्हणजे मशीनला झेपतं नेमकं तेवढंच. त्यात 16 ओहमचं युनिट सरळ टाकलं की ते एकटंच 600 च्या वर वॉट मागतं, मग बाकीच्यांना काय उरणार? आणि वेशीपर्यंत 1 चौरस मिमीची तांब्याची वायर 300 मीटर ओढली तर जाऊन-येऊन साडेदहा ओहम वायरचेच होतात, 16 ओहमच्या युनिटसाठी ते फार झाले, 400 ओहमपुढे काहीच नाही. ट्रान्सफॉर्मर लावतात तो यासाठीच.

अजून एक, मीटर लावून "28 ओहमच दाखवतं, शॉर्ट आहे" म्हणून चांगले ट्रान्सफॉर्मर फेकणारे मी पाहिलेत. मीटर फक्त तारेचा डीसी रेझिस्टन्स दाखवतं, आवाजाचा करंट वाहताना लोड वेगळाच असतो. काहीच दाखवलं नाही तर मात्र वाइंडिंग तुटलंय.

आणि बास कमी ठेवा. पखवाजाच्या खालच्या थापेला ट्रान्सफॉर्मरचा एवढासा कोर (आतला लोखंडी गाभा) भरून जातो, आवाज फाटतो आणि मशीनवर ताण येतो. भोंग्यातून बास तसाही निघत नाही.

माझ्याकडचा ट्रान्सफॉर्मर बसवला, 25 चा टॅप लावला, पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट बांधला आणि डबीवर ऑइलपेंटने मोठ्ठं 25 लिहिलं. रात्रीच्या कीर्तनाला वेशीवरच्या पिंपळाखाली उभा राहिलो, बुवांचा शब्दन् शब्द कळत होता.